गळ्यातली सोजर

श्री सिद्धेश्वर प्रसन्न

सोलापूर, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५०

चि. सौ. सोजरीस आजेसासू मथुराबाईचे आशीर्वाद. हितं मी बरी हाय, तितं तुमी सगळी बरी असावीत. दर्बानला बोट लागल्याचं रावजीचं कार्ड पोचलं. बोटीत तुला उलट्या झाल्या हे त्यानं लिहिलं, तू लिहिलं न्हाईस. तिसरीपर्यंत शिकलीस ती काय नुसती माहेरी करमाळ्याला कार्डं टाकायला? माझ्या दिराला, महिपतीला, सांग, तुझी थोरली वहिनी अजून जिती हाय. त्याच्या बायकोच्या हाताखाली काम कर, पण ती म्हणंल ते सगळं ऐकू नको. आफ्रिकेत राहून तिला वाटतं, मीठ तिनंच शोधून काढलं.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहिते हाय. जोडाक्षरं चुकतील, ती सांभाळून वाच. नव्या पेठेतला येडू पत्रं चांगली लिहितो, पण त्यानं लिहिलेलं पत्र पाकिटात जायच्या आधी सगळ्या पेठेत फिरून येतं.

तू गेल्यापासनं घर सुनं सुनं झालं, असं लिहायची रीत हाय. तसं काय झालेलं न्हाय.

भाकऱ्या आणि शेंगाची चटणी घेऊन रोज गिरणीच्या दारात बसते. परवा शरणप्पा जॉबर म्हणाला, "आजी, चटणीला पुन्हा पहिला हात लागला बघा. मधी चव गेली हुती." मधी म्हंजे तू कुटत हुतीस तवा. राग मानू नको, शब्द त्याचे हायत. लसूण जास्त पडतोय, म्हणून चव आली. तो मी टाकत न्हाय. सकाळी उठून बघते तर उखळात चटणी कुटलेली असती.

अंगणही झाडलेलं असतं. शेजारच्या गंगम्माला विचारलं, बाई तू झाडतीस का. ती म्हणाली, "यव्वा, माझं अंगण मला झाडवंना, तुझं कशाला झाडू?" खराट्याचे फराटे उलटे उठत्यात. डावखुऱ्या बाईनं झाडल्यावानी.

आता मुद्द्याचं. देव्हाऱ्यात, हळदीच्या करंड्यामागं, तुझा टाक सापडला. निघताना दारात मी विचारलं, टाक गळ्यात हाय का, तर तू पदर सारखा करून व्हय म्हणालीस. रावजीनं लिहिलं असंल, तितला साहेब विचारंल ही गळ्यात कोण. त्याला काय, त्याच्या गळ्यात कधी काय पडलेलं न्हाय.

रावजीची पहिली सोजर गेली, तवा मीच तो टाक घडवून आणला. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचं रूप. दुसरीनं तो गळ्यात वागवायचा, पहिला घास त्याला दाखवायचा, नवं लुगडं आधी त्याला लावायचं. सगळ्याच घरात करत्यात. तुझं तर दुसऱ्या कुणापरीस जास्त देणं लागतं. बायकोला तिकडं कायम ठेवून घ्यायचा अर्ज रावजीनं सरकारात केला, तवा ती जिती हुती. अर्ज साहेबांच्या टेबलावर राहिला आणि ती तापानं गेली. नवा अर्ज म्हंजे पुन्हा पहिल्यापासनं वाट बघणं. म्हणून तुझ्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहायची वेळ आली, तवा मी रावजीच्या कानात सांगितलं, सोजरच लिही. सून घरात आली की नाव बदलतंच. बनाची सोजर झाली, सरकारला कळायचं कारण न्हाय. पण जिचं नाव घेतलं तिला कळलेलं असतं. म्हणून टाक.

निकाल लागंपर्यंत तू तितं पाहुणी, सहा महिन्यांची. पाहुणीसारखी रहा. टाक पाठवायला भरवशाचं माणूस मिळत न्हाय. बघते.

पहिली डावखुरी हुती. हे तुला कुणी सांगितलं नसंल म्हणून लिहिलं.

मथुराबाई


सोलापूर, पौष वद्य त्रयोदशी

चि. सौ. सोजरीस आशीर्वाद. तुझं पत्र गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मिळालं. जत्रेतनं तुझ्यासाठी बांगड्या घेतल्या आणि घरी येऊन बघते तर एक डझन कमी. कासार चोर हाय म्हणावं तर मी स्वतः मोजून बांधल्या हुत्या. सोडून दे.

तू लिहितीस की महिपतीची बायको सोजर म्हणून हाक मारती, ती तुला ऐकू येत न्हाय. कानात बोळे घातल्यावानी हुतं. आणि तितल्या कचेरीत साहेबानं नाव विचारलं, तर घोकून गेलेलं नाव तोंडातनं निघंना, आणि शेवटी बना म्हणून बसलीस. साहेबानं कागद बाजूला ठेवला. आता मार्चच्या शेवटाला पुन्हा बोलावलंय, आणि त्या वेळी नाव आणि कागद जुळला न्हाय तर अर्ज रद्द, तू पुढच्या बोटीनं माघारी. रावजी म्हणतो, एकदा रद्द झाला की पुन्हा पाय ठेवू देत न्हाईत. आणि तुला दिवस गेल्यात. हे तू शेवटच्या ओळीत, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंस. बरं केलंस लिहिलंस.

नाव घोकत जा, असं मी लिहिणार हुते. तेवढ्यात हितं जे झालं ते ऐक.

बुधवारी दुपारी गिरणीवरनं आले. उंबऱ्याबाहेर एक कारकून बसलेला, मांडीवर कागद, हातात आपला पितळी तांब्या. मी म्हटलं, "कोण पाहिजे?"

"कचेरीतनं आलोय, आजी. रावजीच्या बायकोची चौकशी होती. झाली."

"कुणाकडं केली?"

"सूनबाईंकडंच की. दाराआड बसल्या होत्या, पदर पुढं ओढून. नाव सांगितलं सोजर. नवऱ्याचं नाव काही घेईनात, तेवढं तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "माझी सून दर्बानला पाहुणी गेलीय. घराला मी कुलूप लावून गेले हुते."

तो हसला. "म्हातारपणी थट्टा बरी सुचते. दार उघडंच होतं. अंगठा मागितला, उजवा पुढं करा म्हटलं, तर डावाच पुढं. तीनदा सांगितलं. शेवटी डावाच घेतला. पाणीही त्यांनीच दिलं."

"पाणी कसं हुतं?"

"गार. नुकतं विहिरीतनं काढल्यासारखं. का?"

काय सांगू त्याला? आपल्या माठाला दिवाळीत तडा गेला, तवापासनं तो परसात पालथा पडलाय. मी पाणी गंगम्माकडनं आणते. तांब्यासुदीक मी फळीवर ठेवून गेले हुते.

मी पुन्हा सांगितलं, ती बोटीनं गेली. मग त्याचं हसू गेलं. म्हणाला, "मी डोळ्यांनी बघितलं ते लिहू, का तुम्ही म्हणता ते? बायको सोलापुरात राहते असं गेलं, तर तिकडं जी बसलीय ती कोण, असं विचारतील. सोमवारी दोन पंच घेऊन येतो. घरात असतील तर इथं लिहिणार, नसतील तर तिकडं गेल्या लिहिणार." आणि तांब्या उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. मी आत जाऊन खुंटीवरचं लुगडं घेतलं, परत आले, तर तांब्या उपडा ठेवलेला.

पहिलीची ती खोड हुती. पाणी प्याली की भांडं उपडं. मी किती बोलले, ती म्हणायची, "उताणं ठेवलं तर माशी बसती, तुमाला माशी प्यायची असंल तर ठेवा."

तुला ते नाव का घेता येत न्हाय ते मला त्या तांब्याकडं बघून कळलं. ते हितं हाय. तू टाक ठेवून गेलीस आणि त्याबरोबर नावही ठेवून गेलीस. एक नाव, दोन ठिकाणी किती दिवस पुरणार?

टाक पाठवायला माणूस बघते हाय. मिळंल.

मथुराबाई


सोलापूर, माघ शुद्ध सप्तमी

चि. सौ. सोजरीस आशीर्वाद.

माणूस मिळत न्हाय असं मी दोनदा लिहिलं. माणूस हुता. शरणप्पाचा मेहुणा मायाप्पा दर्बानच्या बोटींवर भटारखान्यात काम करतो. दिवाळीला घरी आला, माझ्या पायरीवर बसून चटणी खाऊन गेला, आणि मी त्याला काय दिलं न्हाय. गड्ड्याला पुन्हा आला, तरी दिलं न्हाय. का ते विचारू नको. तू चांगली हायस, सांगितलं ते करतीस, वर तोंड करत न्हाईस. ती एका शब्दाला दोन द्यायची. तू गेल्यावर ह्या घरात मी भांडायला लागले की समोरनं भांडं आपटल्याचा आवाज यायचा. मला त्यात काय वाईट वाटलं न्हाय.

पण तुझ्या पोटातलं बोटीत नेऊन चालणार न्हाय, आणि रावजीला तिसरी सोजर मी कुटनं आणू?

रविवारी सकाळी टाक खाली घेतला. तिची एक जुनी चोळी मी फाडली न्हवती, ती फाडली, तिच्यात बांधला. जाणाऱ्या माणसाच्या हातावर दही घालायचं, म्हणून वाटीत दही ठेवलं. म्हटलं, "ऊठ. तिकडं तुझ्या नावाशिवाय एक पोर अडली हाय. हितं काय, मी अशीतशी हायच." मग मी भाकरी थापायला बसले. वळून बघितलं तर वाटी उपडी. खाली दह्याचा थेंब न्हवता. मांजर असंल, गंगम्मा म्हणाली. आपल्या आळीत मांजर न्हाय, तिला माहीत हाय.

मायाप्पानं पुडी कमरेला बांधलेल्या पैशाच्या कशात खोवली. दोन पावलं गेला आणि थांबून म्हणाला, "आजी, चांदी हाय का शिसं?" मी म्हटलं, "बाई हाय. सांभाळून ने. बोटीत पहिला घास तिला दाखव." तो हसला न्हाय.

सोमवारी कारकून पंचांसंगं आला. दोन्ही खोल्या, परस, चुलीमागं, सगळं बघितलं. गंगम्मानं सांगितलं, "पोरगी दसऱ्यानंतर पेटी घेऊन गेली, आमी सगळ्यांनी टांगा बघितला." कारकुनानं आपला कागद काढला, अंगठा बघायला. कुटं हुता तो शाईचा अंगठा? कागद कोरा. उजेडाकडं धरला, पंचांना दाखवला. पंच म्हणाले, रावसाहेब, हितं काय न्हाय. शेवटी लिहून घेतलं, बायको पाहुणी म्हणून नवऱ्याकडं गेली, नाव सोजर, खरी. मी पाणी देऊ का म्हटलं. नको म्हणाला.

आता तुझं काम. मायाप्पाची बोट मार्चच्या मध्याला लागंल. बंदरावर तू जा, रावजीला पाठवू नको, तो घाबरट हाय. टाक तितंच गळ्यात घाल. घरी येऊन ताट वाढ, पहिला घास तिला. मग तिला सांग, नाव तुझं हाय, मला वापरायला दे. मागून घे, हक्कानं घेऊ नको. साहेबापुढं तोंड उघडशील तवा नाव निघंल. आवाज तुझा वाटला न्हाय तर दचकू नको, आणि मागं वळून बघू नको. अंगठा मागितला तर आधी बघ कुठला हात पुढं गेलाय.

पाणी पिऊन तांब्या उपडा ठेवत जा. भांडली तर भांड. तिला गप्प बसलेली माणसं आवडत न्हाईत.

हितं अंगणात पाचोळा साठलाय. शरणप्पा म्हणाला, आजी, चटणीची चव पुन्हा गेली. मी म्हटलं, लसूण महागलाय.

पोर झालं की कळव. मुलगी झाली तर नाव तुझं ठेव, बना. ते कुणी वापरत न्हाय, रिकामं हाय.

तुमा दोघींना आशीर्वाद. आधी तिला, मग तुला.

मथुराबाई