वाढीव वॉरंटीविरुद्ध एक भाषण

काचीगुडा, हैदराबाद
बुधवार, मार्च २००५

तीर्थरूप दाजींना,

नामदेवचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तसाच ताईलाही. तिच्या गुडघ्यांसाठी मी पाठवलेलं तेल तिने गुडघ्यांना लावलं की समईत घातलं, तेवढं कळवावं (मागच्या खेपेचं समईत गेलं होतं, आणि वात छान जळते असं तिनेच कौतुकाने सांगितलं होतं). तुरीचे भाव पडल्याचं वाचलं. तुम्ही आडत बंद केली असली तरी जीव तिथेच घुटमळत असणार, म्हणून वाईट वाटलं. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. वास्तविक मला आठवडाभर अन्न गोड लागत नाही, आणि त्यात अन्नाचा दोष नाही हे सावित्रीने मला रोज बजावलं आहे.

गोष्ट प्रियदर्शिनीच्या लॅपटॉपची आहे. लॅपटॉप म्हणजे घडी घालता येणारा संगणक, आकाराने जेवायच्या पाटाएवढा आणि किमतीने तुमच्या जुन्या जीपच्या तोडीचा. तुमची भाची एका अमेरिकन कंपनीसाठी इमारतींचे नकाशे काढते, हे तुम्हाला माहीत आहेच. बाळ झाल्यावर तिने ऑफिस सोडलं, पण आता ते लोक घरी काम द्यायला तयार झाले आहेत. जावईबापू तेजस कंपनीच्या कामाने अमेरिकेत. तेव्हा पोरीने एकटीने, स्वतःच्या शिलकीतून, सिकंदराबादच्या एका दुकानातून हे यंत्र आणलं. ते बंद पडलं की तिचं काम बंद, आणि एकदा दुसऱ्याकडे गेलेलं काम परत येत नाही. यंत्राची एका वर्षाची हमी कंपनी देते. त्यापुढे आणखी दोन वर्षांची हवी असेल तर वेगळे पैसे भरायचे. तिला म्हणतात वाढीव वॉरंटी, आणि ती घ्यायची मुदत येत्या शनिवारी संपते. गेल्या आठवड्यात पोरीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, घेऊ का नको? तुम्ही सांगाल तसं."

दाजी, तुम्ही सांगाल तसं! हे वाक्य मी या मुलीच्या तोंडून पूर्वी ऐकलेलं नाही. कॉलेजात कोणती शाखा घ्यायची हे तिने मला विचारलं नाही. लग्नाचं विचारलं नाही, कळवलं. नातवाचं नाव मला बारशाला जमलेल्या मंडळींबरोबरच कळलं. आणि माझं मत कशावर नाही? फ्रान्सच्या राज्यक्रांतीपासून आमच्या गल्लीतल्या नळाच्या वेळेपर्यंत प्रत्येक गोष्टीवर माझं मत आहे, आणि ते ऐकायला लोक नामपल्लीच्या आमच्या व्याख्यान मंडळापर्यंत बस बदलून येतात. एक्याण्णव साली परदेशी मालाला दारं उघडली तेव्हा मी त्याविरुद्ध पावणेदोन तास बोललो होतो (तुम्ही पहिल्या रांगेत होतात. झोपला होतात, पण आला होतात, हे मी विसरलेलो नाही). आता पोटच्या पोरीने एका साध्या प्रश्नावर मत विचारलं, तर मी मुदत मागितली. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." हे ऐकून सावित्री स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्या कपाळाला हात लावून ताप नाही ना बघितलं आणि परत गेली.

वास्तविक विचार करण्यासारखं काही नव्हतं. माझा सिद्धांत पक्का आहे, आणि तो दोन वाक्यांत मावतो (मी सहसा मावू देत नाही, ती गोष्ट वेगळी). माल चांगला असेल तर हमी विकता कशाला? आणि चांगला नसेल तर माल विकता कशाला? आमच्या वडिलांनी आबिद्सच्या बाजारात घेतलेला टेबलफॅन अजून माझ्या उशाशी फिरतो आहे. तो घेताना दुकानदाराने पुढच्या आयुष्याचं काही सांगितलं नव्हतं आणि वडिलांनीही विचारलं नव्हतं. खुल्या बाजाराने आपल्याला हवं ते दिलं, त्यापाठोपाठ ते बिघडेल ही भीती दिली, आणि आता त्या भीतीवरचा उतारा वेगळ्या पाकिटात विकायला ठेवला आहे. पुढच्या महिन्यात आपल्या मंडळात माझं व्याख्यान आहे, विषय 'भीतीचा बाजार'. निमंत्रणं वाटून झाली. तेव्हा नको, असं सांगून मोकळं व्हायचं एवढंच उरलं होतं. पण मी पडलो अभ्यासू माणूस. प्रतिपक्षाचं ऐकून घेतल्याशिवाय निकाल देत नाही. म्हणून बस धरून सिकंदराबादला त्या दुकानात गेलो, आणि तिथेच घात झाला.

दुकानात गौसभाई म्हणून पन्नाशीचे एक विक्रेते आहेत. अतिशय अदबशीर माणूस. चहा मागवला, खुर्ची दिली, मग मी माझा प्रश्न टाकला. माल चांगला असेल तर हमी विकता कशाला? त्यांनी क्षणभरही न अडखळता उत्तर दिलं, "चीज़ तो एक नंबर है साब. ज़माना खराब है."

ज़माना खराब है! माझं रक्त उसळलं. खुर्ची मागे सारून मी उभा राहिलो. दुकानात दहा-बारा गिऱ्हाइकं होती, एक निवृत्त सुभेदार होते, नवंनवं लग्न झालेलं एक जोडपं होतं, दोन कॉलेजच्या शिक्षिका होत्या. आता माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. मी शास्त्राप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडतो. म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतक्या ताकदीने मांडायचं, श्रोत्यांना पार त्याच्या बाजूला न्यायचं, आणि मग उत्तरपक्षात एका घावात दोन तुकडे. आयुष्यभर असाच बोलत आलो, टाळ्या घेत आलो. त्या दिवशीही तसंच केलं. भीती म्हणजे काय ते सांगितलं. मे महिन्यात विजेचा दाब कसा चढतो, दिवे कसे पांढरेफटक होतात आणि यंत्राच्या आतून कशी बारीकशी चर्र वाजते, ते सांगितलं. उबेला मुंग्या कशा येतात आणि तारांच्या गाठीत संसार कसा थाटतात, ते सांगितलं. लेकराचा हात, हातातली दुधाची वाटी, आणि आईने दाराकडे वळवलेली मान, हे असं काही उभं केलं की त्या दोन शिक्षिकांपैकी एकीने तोंडावर पदर धरला. शेवटी, रात्रंदिवस खपून केलेलं काम एका सकाळी पडद्यावरून नाहीसं होतं आणि माणूस त्या काळ्या काचेत स्वतःचंच तोंड बघत बसतो, इथवर आणून मी थांबलो. उत्तरपक्षाला सुरुवात करण्यापूर्वी मी नेहमी थांबतो. हात उंचावला. डोळे उघडले (कळसाच्या वाक्याला माझे डोळे मिटतात). समोर कोणी नव्हतं. सगळे पैसे भरायच्या खिडकीपाशी रांगेत उभे होते.

"अहो, पुढचं ऐका, मुद्दा पुढे आहे," असं मी मराठीत, हिंदीत आणि येते तेवढ्या तेलुगूत ओरडलो. नवविवाहित गृहस्थ मागे वळून म्हणाले, "समझ गए अंकल, पूरा समझ गए." सुभेदारांनी वॉरंटीची पावती खिशात घालून माझा हात दोन्ही हातांत धरला, "आँखाँ खोल दिए साब आप." गौसभाई मला पायऱ्यांपर्यंत पोचवायला आले. म्हणाले, कंपनीने शिकवायला माणसं पाठवली, मोठाले फलक लावले, पण अशी विक्री दुकानाने पाहिली नाही. आणि मग हलकेच, "इतवार को भीड़ ज़्यादा रहती साब. आते क्या?"

ही नामुष्कीही मी गिळली असती. पण दाजी, खरा अनर्थ पुढेच आहे. माझा पूर्वपक्ष मला पटला. उत्तरपक्ष बोललोच नाही, त्यामुळे तो माझ्याही कानावर पडला नाही, आणि भाषणाचा पहिला अर्धा भाग डोक्यात घेऊनच मी घरी आलो. तेव्हापासून दिवा जरा फडफडला की माझं काळीज हलतं. काल भिंतीवर एक मुंगी दिसली तर ती कुठे जाते हे बघायला तिच्यामागे न्हाणीघरापर्यंत गेलो. वॉरंटीच्या नियमांचा कागद आणला होता, तो भिंग घेऊन वाचला. पाणी सांडलं तर भरपाई नाही, पडलं तर नाही, मुंग्या-किड्यांची नाही, विजेच्या दाबाची नाही. म्हणजे मी जे जे सांगून लोकांना घाबरवलं त्यातलं एकही त्यात बसत नाही. बसतं एवढंच, की यंत्र काही कारण नसताना आपोआप बिघडलं पाहिजे. हे वाचून माणसाने हसून कागद फेकून द्यावा. मी वाचला आणि मला घाम फुटला. आपोआप! याचा तर मी विचारच केला नव्हता.

सावित्रीचा सल्ला घेतला. ती म्हणाली, "अहो, पोरीने घेऊ का नको एवढंच विचारलंय. व्याख्यान ठेवा म्हणाली नाही." मी म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे. त्यावर म्हणते, "माझ्या वडिलांनी तुमच्या गळ्यात माळ घालायला लावली तेव्हा कुठली वॉरंटी घेतली होती? चाललंच की." चाललं का, असं मी जरा आशेने विचारलं. तर म्हणाली, "चालतंय. बंद होत नाही, एवढीच तक्रार आहे."

आता माझी कोंडी बघा. घे म्हणावं, तर पुढच्या महिन्यात व्यासपीठावर कोणत्या तोंडाने उभा राहू? नको म्हणावं, आणि ते यंत्र पुढे कधी आपोआप बिघडलं, तर पोरीचं काम जाईल, आणि ती मला पुन्हा या जन्मात काही विचारणार नाही. व्यासपीठाचं एक वेळ सोसेन. दुसरं सोसणार नाही. मी तिला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा बाळाला दात आले का एवढंच विचारून ठेवून दिला. मूल पाच महिन्यांचं आहे.

असो. माझं गाऱ्हाणं इथे पुरे. ताईला माझा नमस्कार सांगावा आणि तेलाचं विसरू नये.

आपला मेहुणा,
नामदेव

ता. क. : एवढं सगळं लिहिलं ते एका कामासाठी, आता संकोच सोडून लिहितो. प्रियदर्शिनी तुमचं ऐकते, कारण तुम्ही आयुष्यात तिच्याशी दोन शब्दांच्या वर बोललेला नाहीत. तिला फोन करून फक्त "घे" म्हणा. स्वतःचं मत म्हणून म्हणा. माझं नाव येऊ देऊ नका. फोनवर तुम्हाला हे सांगता आलं असतं, पण फोन आहे बैठकीत आणि त्याच्या शेजारी सावित्री भाजी निवडत असते. शनिवारच्या आत व्हावं, ही हात जोडून विनंती.

ता. क. दुसरा (शनिवार, रात्र) : पत्र अजून टपालात पडलेलं नाही. गुरुवारी खुल्या बाजाराचा परिच्छेद मनासारखा उतरला नाही म्हणून पुन्हा लिहिला, शुक्रवारी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं, आणि आज पाकिटावर पत्ता घालताना लक्षात आलं की दुकान बंद झालं असणार. तेव्हा सावित्रीसमोरच प्रियदर्शिनीला फोन लावला. मी तोंड उघडण्याच्या आत तीच म्हणाली, "बाबा, नाही घेतली हं मी." मी विचारलं, का गं? तर हसली. "तुम्ही काही बोललाच नाहीत ना. पटत असतं तर तासभर बोलला असता. म्हटलं, एवढे गप्प आहेत म्हणजे नकोच असणार. तेजसलाही तेच सांगितलं, बाबा नको म्हणतात." दाजी, तिचा आवाज काय खूष होता. बाबांचं ऐकलं, असा आवाज. मी "बरं केलंस" म्हणालो आणि खुर्चीत बसलो. कंपनीची हमी वर्षाने संपेल. पुढे त्या यंत्राला या जगात माझ्याशिवाय कोणी नाही, आणि मला ते उघडताही येत नाही.

ता. क. तिसरा : वरची विनंती रद्द. फोन करू नका. आणि पुढेमागे ती उदगीरला तुमच्याकडे आली, बोलता बोलता या यंत्राचा विषय निघाला, तर ती वॉरंटी मला हवी होती हे तिला कधीही कळू देऊ नका. ताईलाही हे पत्र वाचून दाखवू नका. ताईला कळलं की लातूरपर्यंत कळतं.