अर्धा पांढरा नंदी आणि माझी इतर स्थावर-जंगम मिळकत

मी, हरिभाऊ केशव आष्टीकर, वय त्र्याहत्तर, व्यवसाय पूर्वी चित्रकला शिक्षक व हल्ली पेन्शन, राहणार बोरगाव मेघे, तालुका व जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. दडपण नाही हे तंतोतंत खरे नाही. माझी पत्नी सौ. इंदिरा समोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत आहे आणि मी लिहितो ते उलट्या बाजूने वाचत आहे. परंतु कायदा ज्याला दडपण म्हणतो ते हे नव्हे, असे माझ्या वकील ॲड. समीक्षा झाडे यांचे मत आहे. त्या माझ्या विद्यार्थिनी. सातवीत त्यांनी काढलेल्या आंब्याखाली मी "वांगे छान" असा शेरा दिला होता. ते त्यांनी मनात ठेवलेले नाही, असे त्या दर भेटीत सांगतात.

माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या डोक्याबद्दल कोणी लेखी चांगले म्हणण्याची ही पहिलीच वेळ असल्याने त्याची एक प्रत चौकटीत लावून भिंतीवर ठेवावी.

हे सर्व आताच लिहिण्याचे कारण, पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे काही कारण नाही, आणि लगेच कागद पुढे करून सही घेतात. मला भीती वाटते. हे वाक्य मृत्युपत्रात लागत नाही, असे समीक्षा म्हणाली. मला लागते, म्हणून राहू दिले आहे.

कलम १. बोरगाव मेघे येथील राहते घर, अंगण, अंगणातील सीताफळाचे झाड व गळकी टाकी यांसह, मी माझी पत्नी इंदिरा हिला देतो. घराचे सर्व हप्ते तिनेच कचेरीतल्या पगारातून फेडले. त्या काळात मी कलेच्या शोधात होतो. तिच्यानंतर घर आमची मुलगी इला हिचे.

कलम २. बँकेतील ठेवी नेमक्या कुठे व किती आहेत हे मला माहीत नाही. इंदिराला माहीत आहे. त्या तिला देतो. तिने "उपकार झाले" असे म्हटल्याचे येथे नोंदवतो.

कलम ३. माझी चित्रे. कपाटामागे, पलंगाखाली आणि इंदिरा ज्याला स्वयंपाकघर म्हणते त्या खोलीच्या माळ्यावर जी चित्रे आहेत, त्यांपैकी हवी ती इलाने आधी निवडावी. तिला फोनवर विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, फ्लॅटमध्ये भिंती कमी आहेत हो." तिने माझ्यासाठी फ्लॅट बदलावा अशी माझी अट नाही. उरलेली चित्रे जो भिंत देईल त्याची. चौकटी अस्सल सागवानी आहेत. आतले चित्र काढून आरसा बसवला तरी मी वरून बघायला येणार नाही.

माझ्या सार्वजनिक कामाविषयी. मी वर्ध्यात दुकानांच्या पाट्या रंगवल्या, लग्नाचे सुस्वागतम् रंगवले, शाळेच्या भिंतीवर हृदयाची आकृती काढली. त्या आकृतीत झडपा उलट्या निघाल्या होत्या, हे परवा डॉक्टरांनी माझ्या हृदयाचा कागद दाखवला तेव्हा कळले. पण माझी सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेली कलाकृती म्हणजे पिपरी मेघेतील एका भिंतीवरची "येथे लघवी करू नये" ही ओळ. अक्षर देखणे उतरले होते. लोक उभे राहून, वेळ काढून वाचत, आणि तिथेच करत. समाजावर कलेचा परिणाम होतो का, या विषयावर मी त्यानंतर बोललो नाही.

कलम ४. ब्रश, रंग, ईझल आणि माझे जुने जॅकेट, जे घातल्यावर मी चित्रकार दिसतो, हे मी जिथे नोकरी केली त्या शाळेला. मुले आणि मुली यांपैकी जे कोणी दोन डोंगर व मधला सूर्य सोडून दुसरे काहीही काढील त्याला ते द्यावे. असे मूल न मिळाल्यास वाट पाहावी. मी तीस वर्षे पाहिली.

कलम ५. आता रूपराव.

श्री. रूपराव संपतराव सुरजुसे, हल्ली पिपरी मेघे येथे फर्निचरच्या शोरूमचे मालक, पूर्वी सुतार, हे माझे मित्र आहेत, किंवा होते. कोणता शब्द ठेवायचा ते समीक्षाने ठरवावे. आमची ओळख कशी झाली हे मी प्रत्येक निरोप समारंभात सांगितले आहे. ज्यांनी ऐकले आहे त्यांनी हे कलम गाळून पुढे जावे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी भंगारवाल्याकडून एक लाकडी नंदी घेतला. त्याला डोके नव्हते. मुलांनी समोर ठेवून चित्र काढावे हा हेतू. मुलांनी त्या धडावर मुख्याध्यापकांचे डोके काढले. ते प्रकरण मिटते न मिटते तोच शाळेची बाके दुरुस्त करायला एक सुतार आला. नंदीकडे पाहून म्हणाला, "मास्तर, माह्यापाशी एक डोस्कं पडून हाये. धड नाई त्याले." पुढल्या आठवड्यात त्याने ते आणले आणि धडावर बसवले. केसभर फट राहिली नाही. एका हाताने केलेले धड, दुसऱ्या हाताने केलेले डोके, आणि दोघे जणू एकमेकांसाठीच थांबलेले. योगायोग कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळले. कलाकाराला नियती असे इशारे देते, हे माझे लाडके मत तेव्हापासूनचे.

त्यानंतर आम्ही दरवर्षी नंदी करू लागलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुले चाकांचे लाकडी नंदी सजवून ओढत घरोघर नेतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ नाहीतर पैसे ठेवतात. रूपराव कोरत, मी रंगवत असे. आमचा एक नियम होता. डोळे सर्वांत शेवटी, आणि दोघांनी "झाला" म्हटल्याशिवाय नाही. डोळे काढले की नंदी संपला, मग त्याला कोणीही हात लावायचा नाही. इलाचा पहिला नंदी असाच झाला. त्याचे डोळे थोडे माझ्यासारखे आले, असे इंदिरा म्हणते. ती हे कौतुकाने म्हणत नाही.

कलम ६. भांडणाचा तपशील.

तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धेसाठी रूपरावांनी एकदा मोठा नंदी कोरला. शेळीएवढा उंच, एकाच सागवानी ओंडक्यातून काढलेला. लाकडाच्या रेषा मानेपासून शेपटीपर्यंत वाहत गेल्या होत्या. त्यांचे म्हणणे, यावर फक्त पॉलिश. माझे म्हणणे, नंदी पांढराच असतो. शंकराने सागवानी बैलावर बसल्याचे माझ्या वाचनात नाही. ते लग्नाला हिंगणघाटला गेले असताना मी पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात मारून टाकले. परत आल्यावर त्यांनी आधी रंगावर नख ओढून पाहिले. काचेचा तुकडा घेतला आणि उजव्या बाजूचा रंग खरवडायला बसले. ती बाजू संपल्यावर मी डाव्या बाजूपुढे आडवा उभा राहिलो.

"सरका, मास्तर."

"नाही सरकत."

"पांढरा चुना फासून ठेवला चांगल्या लाकडाले. भिंत समजले का तुमी?"

मी म्हणालो, सुताराला लाकडापलीकडे काही दिसत नाही. ते म्हणाले, मास्तरला तेवढंही दिसत नाही.

नाव आधीच दिलेले होते, म्हणून नंदी तसाच स्पर्धेला गेला, डावीकडून पांढरा, उजवीकडून लाकडी, आणि डोळे नसलेला. त्याला तिसरे बक्षीस मिळाले. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितले की कलावंताने जीवनाच्या दोन बाजू दाखवल्या असून आंधळेपणातून मोठा संदेश दिला आहे. त्या पाहुण्यांना आम्ही दोघांनीही क्षमा केलेली नाही. या एका बाबतीत आमचे आजही एकमत आहे. बक्षीस म्हणून झाकणाचे स्टीलचे पिंप मिळाले. पिंप त्यांनी नेले, झाकण मी. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. पांढऱ्या रंगाबद्दलचे माझे मत बदललेले नाही, आणि ते मृत्युपत्रात असल्यामुळे आता बदलणारही नाही.

नंदी माझ्या ओसरीत उभा आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, याला डोळे का नाहीत? मी सांगतो, अजून झाला नाही.

कलम ७. सदर नंदी, चाकांसह, व स्टीलचे झाकण मी श्री. रूपराव सुरजुसे यांना देतो. त्यांनी हवे तर डावी बाजू खरवडून काढावी. मी तेव्हा आडवा उभा राहू शकणार नाही.

कलम ७ संबंधी खुलासा. वरचे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवले, तोच फाटक वाजले. स्कूटरवर पुढे स्टीलचे पिंप ठेवून रूपराव आले होते. कलप केलेले केस, इस्त्रीचा शर्ट, बोटात दोन अंगठ्या. समीक्षा आणि पहिले साक्षीदार म्हणून शेजारचे किसनराव आधीच येऊन बसले होते. रूपरावांनी त्यांना नमस्कार केला, इंदिराला केला, मला केला नाही.

"झाकन न्याले आलो. पिंपात पाल पडली," ते म्हणाले.

इतकी वर्षे झाकणाशिवाय चालले आणि पाल नेमकी आज पडली. हाही योगायोगच, अशी मी येथे नोंद करतो. काल संध्याकाळी इंदिराबाई पिपरी मेघेच्या ऑटोत बसताना दिसल्या, असे किसनराव म्हणाले. इंदिरा खाली मान घालून शेंगा फोडत होती.

मग साक्षीदाराची अडचण निघाली. दुसरे साक्षीदार धनंजय औषधाच्या दुकानातून निघू शकत नाहीत, असा फोन आला. रूपराव म्हणाले, "म्या करतो सही. कायची हाये?" समीक्षाने त्यांना कागद वाचायला दिला. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, पण त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, आणि कलम ५ वर आल्यावर हसायला लागले.

"कायचा योगायोग, मास्तर? डोस्क्याची गर्दन चार बोटं जाड होती. सारा आठवडा घासत बसलो म्या तिले."

मी म्हणालो, मग इतकी वर्षे सांगितले का नाही?

"तुमी वर्गभर नाचून राह्यले होते. काऊन सांगू?"

माझ्या कलाविषयक विचारांचा पाया अशा रीतीने किसनरावांसमक्ष निखळला. कलम ५ मी तरीही बदललेले नाही. नियती होती. फक्त ती पिपरी मेघेला राहत होती, हे मला माहीत नव्हते.

कलम ७ मात्र त्यांनी दोनदा वाचले. समीक्षाने समजावले, "काका, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. मागाहून कटकट होते. तुम्ही सही केली तर नंदी सोडावा लागेल."

"मंग काटा ते. मले नाई पाह्यजे."

मला वाईट वाटले. मी विचारले, अजून राग आहे का?

ते उठून ओसरीत गेले. नंदीभोवती एक फेरी मारली, उजव्या कुशीवरून हात फिरवला, डाव्या कुशीवर टिचकी मारली. म्हणाले, "रंग टिकला लेकाचा." एवढ्या वर्षांत माझ्या कामाचे मला मिळालेले हे सर्वांत मोठे परीक्षण आहे. मग म्हणाले, "डावा डोया तुमी काढा. उजवा म्या कोरतो."

मी लगेच ब्रश घ्यायला उठलो. दहा मिनिटांचे काम, आताच करून टाकू म्हणालो.

"नाई. आज नाई. दवाखान्यातून आल्यावर."

"रूपराव, आलो नाही तर?"

"आज डोया काढला तं नंदी झाला, अन् तुमी सुटले. म्या सुटू देत नाई. आपला नेम हाये न? दोघांनी 'झाला' म्हनल्याबिगर नाई. म्या म्हनत नाई जा."

इंदिरा शेंगा तशाच टाकून चहा ठेवायला आत गेली आणि चहा होऊनही लवकर बाहेर आली नाही.

कलम ७, दुरुस्त. वरील मूळ कलम ७ मी रद्द करतो. अर्धा पांढरा नंदी मी कोणालाही देत नाही, कारण तो अजून झालेला नाही, आणि न झालेली वस्तू देता येत नाही. त्याचा डावा डोळा काढण्यासाठी लिहून देणाऱ्याने स्वतः हजर राहणे आवश्यक आहे. तसे मी कबूल करतो. या दुरुस्तीवर माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

कलम ८. तरीही काही झालेच तर तेराव्याला भाषणे नकोत. ते प्रमुख पाहुणे हयात असल्यास त्यांना कळवू नये.

येणेप्रमाणे मी हे माझ्या मर्जीने लिहिले, वाचले, आणि बसल्या जागी बदलले. माझी सही थोडी वाकडी दिसेल. ती शैली समजावी.

स्थळ : बोरगाव मेघे, वर्धा
दिनांक : ११ ऑगस्ट २०२५

लिहून देणार : हरिभाऊ केशव आष्टीकर (सही)

लिहून देणाऱ्याने आमच्यासमक्ष सही केली व आम्ही त्याच्यासमक्ष केली.

साक्षीदार १ : किसनराव महादेवराव भोयर, सेवानिवृत्त कर्मचारी, बोरगाव मेघे (सही)

साक्षीदार २ : रूपराव संपतराव सुरजुसे, पिपरी मेघे (सही)
सहीखाली साक्षीदाराच्या हातचे : पिंप इथंच ठेवून चाललो. झाकन लावून देल्लं हाये. मास्तर घरी आल्यावर नेईन.