बोरिस राजा आणि तुमचं पान

अण्णा, तुमचा तो बल्गारांचा राजा हल्ली माझ्या मानगुटीवर बसलाय. कादंबरी लिहितोय त्याच्यावर. ताई म्हणते, "आपल्याकडचे राजे संपले काय रे?" संपले नाहीत, पण बोरिस आमच्या घरातलाच, त्याला काय करू? तुम्ही शाळेतून तो इंग्रजी इतिहासाचा जाडजूड ग्रंथ आणायचात, पडवीत झोपाळ्यावर बसून आम्हाला मराठीत सांगायचात आणि आई आत तांदूळ निवडत ऐकायची. हजार वर्षांपूर्वीचा राजा. देशात दुष्काळ, सीमेवर ग्रीकांची फौज, समुद्रात त्यांचं आरमार. तह हवा असेल तर आमचा ख्रिस्ती धर्म घे, म्हणाले. ह्याने घेतला. बाप्तिस्म्याची बुडी मारली, मग सगळ्या प्रजेलाही ती मारायला लावली. सरदार बिथरले, तर त्यांना बायकापोरांसकट कापून काढलं. इथे आई आतून विचारणार, "पोरांनी काय केलं होतं हो?" आणि तुम्ही पुस्तक मिटणार. तरी तुम्हाला तो राजा आवडायचा.

मॅट्रिकच्या वर्गात तुम्ही पुढचं सांगितलंत. नवा धर्म तर घेतला, आता वागायचं कसं? म्हणून ह्याने रोमच्या पोपला लांबलचक प्रश्न लिहून पाठवले. त्यात एक असा, की आम्ही लोक विजारी घालतो, तर ते चालेल ना? मी वर्गात सगळ्यात मोठ्याने हसलो. तुम्ही खडू खाली ठेवलात. "ऊठ. हसण्यासारखं काय आहे? धर्म एका दिवसात बदलला त्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात काय घालायचं, हे कोणी सांगितलं होतं त्याला? भ्यालेल्या माणसाला हसू नये." तास संपेपर्यंत उभा होतो. बापाच्याच वर्गात.

त्या भ्यालेल्या माणसाला मी पुरता ओळखला तो सहभोजनाच्या दिवशी. गावात तेव्हा ते वारं जोरात होतं, सगळ्या जातींनी एका पंगतीत जेवायचं. मी कॉलेजातून सुट्टीला आलेलो, अंगात भलताच जोर. तुम्ही स्वतःहून म्हणालात, "मी पण येतो." मी पलीकडच्या पंगतीत, तुमच्या बरोबर समोर. तुमच्या शेजारी ते चांभारवाड्यातले गृहस्थ, त्यांचा मुलगा तुमच्याच शाळेत. वाढप झालं, श्लोक झाला, सगळे जेवायला लागले. तुम्ही भात कालवताय. कालवताय नि कालवताय. घास उचललात, तोंडाजवळ नेलात आणि परत पानात ठेवलात. कपाळावर घाम. मी समोरून बघतोय आणि मला काही करता येत नाही. वाढपी भात घेऊन आला, तर शेजारचे ते गृहस्थ हसून म्हणाले, "मास्तरांना आग्रह नको, मास्तरांचं पोट भरलं." आणि उठताना त्यांनी तुमचं भरलेलं पान दुमडून आपल्या पानाखाली धरलं आणि दोन्ही नेऊन टाकली. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत, तसं तुम्ही आमच्याकडेही कधी बघितलं नव्हतंत.

संध्याकाळी आईने तुमचं ताट पडवीत मांडलं, स्वयंपाकघर तुम्हाला बंद. ताकभात तुम्ही असा ओरपलात की ती म्हणाली, "एवढं पंगत जेवून आलात नि भूक कसली?" तुम्ही मान वर केली नाहीत. मग तिने आणखी भात आणून वाढला.

नाव मात्र वर्तमानपत्रात छापून आलं, सहभोजनात जेवलेले म्हणून. आणि संगमेश्वराहून ताईच्या होणाऱ्या सासऱ्यांचा निरोप आला: प्रायश्चित्त घ्या, नाहीतर लग्न मोडलं समजा. दादा मुंबईहून धावत आला. मी त्याला खरं काय ते सांगितलं, तर त्याचा चेहराच उजळला. "मग झालं तर! अण्णा, सांगा की त्यांना, नुसता बसलो होतो, घास घेतला नाही. खोटं थोडंच बोलायचंय?"

तुम्ही म्हणालात, "त्या माणसाने माझं पान झाकलं. ते मी संगमेश्वरात नेऊन उघडू?"

"आणि ताईचं काय?"

"भटजींना बोलाव."

असे तुम्ही न खाल्लेल्या घासाचं प्रायश्चित्त घ्यायला अंगणात बसलात. पंचगव्य प्यायलात, चेहरा जराही न हलवता. लग्न झालं. सुधारकांनी तुमच्याशी बोलणं टाकलं, आणि भिक्षुकांच्या आळीत तुम्ही बाटगे ते बाटगेच राहिलात. मी तेव्हा फार चिडलो होतो, दादावर जास्त. झोपाळ्यापाशी येऊन तुम्हाला म्हटलं, "तुमचा बोरिस म्हातारपणी मठात जाऊन बसला होता. थोरला मुलगा सगळं उलटं फिरवायला लागला, तेव्हा मठ सोडून आला की नाही? गादीवरून ओढला त्याला. धाकट्याला बसवलं."

"आला तर. आणि थोरल्याचे डोळे काढले," तुम्ही म्हणालात. झोपाळा पायाने थांबवलात. "मला दादाचे डोळे शाबूत हवेत रे."

पुढे फार दिवस तुम्ही राहिला नाहीत. इतकी वर्षं झाली, कादंबरी त्या डोळ्यांपाशी येऊन अडकलीय. मी राजाला मठातून बाहेर काढतो, घोड्यावर बसवतो, राजवाड्याच्या दारापर्यंत नेतो. तिथे त्याला तुमचा चेहरा येतो आणि तो खाली उतरतच नाही. इतिहास म्हणतो उतरला. इतिहासाचं काय जातंय.

गेल्या महिन्यात ताईकडे गेलो होतो. तिचे सासरे मागेच वारले. आता मेहुणे स्वतःच असल्या पंगतींना जातात, ताईही जाते, आणि माहेरच्या गोष्टी सांगताना तिची मान ताठ होते. फणसाचे गरे काढता काढता मला म्हणाली, "आमचे अण्णा सगळ्यांच्या आधी जेवले, असं मी सगळ्यांना सांगते. तू तर समोरच होतास ना रे? नीट जेवले होते ना?" चिकाने भरलेले हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली. तुमचं पान तुम्ही कोणापुढे उघडलं नाहीत, मी कोण उघडणारा? पण मला नुसतं गप्प बसता आलं असतं, अण्णा. तेवढं जमलं नाही. मी म्हटलं, "पोटभर जेवले. भात मागून घेतला." आणि सांगता सांगता माझाही विश्वास बसला.