डाव्या हाताचा पीळ

आर्चा-बेशिक, बिश्केक
३ एप्रिल २०२०

आदरणीय साईरा एजेस,
धाकट्या बुरुलचा वाकून सलाम वि. वि.

शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिल्याचं आठवत नाही, तेव्हा धाकट्या बहिणीच्या चुका पोटात घाल. घरात फोन एकच, तो मुलांच्या शाळेने ताब्यात घेतलाय, आणि तुमच्या गावात टेकडी चढल्याशिवाय रेंज येत नाही. पिठाच्या ट्रकवाल्या तेमिरकडे नाकी ओलांडायचा परवाना आहे. तो म्हणाला, वहिनी, इतक्या पोत्यांवर एका कागदाचं काय ओझं, द्या.

सासूबाईंसकट आम्ही सगळे बरे आहोत, अल्लाची कृपा. शहर बंद, मशीद बंद, आमच्या तश्तानरावांची मिनीबसही अंगणात उभी. हे रोज सकाळी तिच्या काचा पुसतात आणि मग घरभर ओरडत फिरतात, पुढचा थांबा स्वयंपाकघर, सुटे पैसे काढून ठेवा. मी म्हटलं, तुम्ही इथेच उतरा, आणि उतरताना बादली भरून आणा. नुरझातच्या बाईंनी व्यायामाचा तास म्हणून उड्या मारल्याचा व्हिडिओ मागितला. तो अंगणात काढला, तर आपली भुरी कोंबडीही मागे उड्या मारायला लागली. बाईंनी शेरा दिला की दोघींची प्रगती चांगली आहे. एर्मेक मात्र टीव्हीवरची शाळा उशीवर डोकं ठेवून ऐकतो. खिडकीत टोमॅटोची रोपं हातभर झाली आहेत. चहाची पत्ती मी दोनदा उकळते आणि चोथा त्यांनाच घालते.

आता मुख्य गोष्ट. आई नवरोझला माझ्याकडे यायची होती ती अडकली. खिडकीजवळची तिची जागा तशीच ठेवलीय, नवी लोकर भरून गादी शिवलीय, तिच्यावर कुणाला बसू देत नाही. धाकटा बेकजात भिंत धरून उभा राहायला लागला आहे. पुढे ठेचकाळू नये म्हणून त्याच्या पायांत काळी-पांढरी दोरी बांधून ती आईनेच कापायची, हे ठरलंय. मोठ्या दोघांच्या दोऱ्या गल्लीतल्या पोरांनी शर्यत लावून कापल्या आणि दोघं ठेचकाळतच मोठी झाली. या खेपेला दुसरा हात नको. रस्ता उघडेपर्यंत मी त्याला कडेवर घेऊन फिरेन, पण चालू देणार नाही.

आईच्या छातीचं कसं आहे? दोरी वळायला घेतली का तिने? खरं ते लिही. तुला खोटं बोलता येत नाही, पण गप्प छान बसता येतं, हे मला माहीत आहे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
बुरुल


अत-बाशी
१४ एप्रिल २०२०

तश्तान यास, साईराची दुआ.

हे पत्र तेमिर तुझ्याच हातात देईल. बुरुलसमोर उघडू नकोस.

आपली आई गेली. गुरुवारी पहाटे नमाजासाठी कोमट पाणी मागितलं, मी ते घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. हा नवा आजार नव्हता, छातीच थकली होती. मातीला मोजकी माणसं येऊ दिली. शोकाचा तंबू उभारला नाही. भिंतीकडे तोंड करून मी एकटीनेच विलाप केला, साथीला दुसरा आवाज नव्हता. आईच्या मातीला दोन लेकींचे आवाज असायला हवे होते.

तुला रीत सांगायला नको, तरी सांगते. बुरुलला हे एकटीला कळता कामा नये. दोन्ही बाजूंनी जाणती माणसं बसली पाहिजेत, तिचे दंड धरले पाहिजेत, मगच तोंडातून शब्द काढायचा. माणसाने असं एकट्याने ऐकलं की दुःख अंगात मुरतं. आमच्या आत्याला चुलीपाशी एकटी असताना फोनवर कळलं होतं, ती पुढे बोलायचीच थांबली. रस्ता उघडला की मी इथली चार माणसं घेऊन येते. तुमच्या गल्लीतल्या कदिर आजोबांनाही बोलावू, त्यांना बोलायचं कसं ते कळतं. तोवर हे तुझ्या पोटात राहू दे. तुझ्या चेहऱ्यावर सगळं वाचता येतं म्हणून सांगते, रडू आलं तर गाडीत जाऊन बस.

सोबतचं दुसरं पत्र तिला दे.

तुझं बळ टिको.
साईरा


अत-बाशी
१४ एप्रिल २०२०

लाडक्या बुरुलला,
एजेचा सलाम आणि मुलांच्या कपाळाला ओठ.

पत्र वाचून बरं वाटलं. कोंबडीला पुढच्या वर्गात घातलं की नाही ते कळव. इकडे बर्फ अजून सावलीत आहे, कोकरं बरी झाली. तुझे जेझ्दे दिवसभर मेंढ्यांशी बोलतात, माणसांशी बोलायची बंदी आहे म्हणतात. स्वतःचा नवरा म्हणून मी कधी बंदी मोडून बोलले तर उत्तर मेंढ्यांनाच देतात.

आई बरी आहे. हल्ली झोपून असते. बेकजातची दोरी वळून झाली, ती सोबत पाठवते आहे. आईचं म्हणणं असं की रस्त्याचा भरवसा नाही, तर पोराला माझ्यासाठी अडवून ठेवू नका. चालायला लागला की कुणा भल्या माणसाच्या हातून कापून घ्या. तिचं ऐक.

तेमिर घाई करतोय. मनात आम्हाला जागा ठेव.
साईरा


आर्चा-बेशिक
२९ एप्रिल २०२०

आदरणीय साईरा एजेस,
बुरुलचा सलाम वि. वि.

रोजे सुरू झाले. यंदा मशिदीत जाता येत नाही, म्हणून हे घरातच पुढे उभे राहतात आणि आम्ही मागे. मध्येच आवाज चिरकतो. घसा बसलाय म्हणतात.

दोरी मिळाली. मी ती खिडकीशी नेऊन पाहिली. एजे, तू लहानपणापासून मेंढ्यांच्या मागे होतीस, मी आईच्या गुडघ्याशी लोकर पिंजत बसायचे. आई डावखुरी. तिच्या मांडीवर वळलेल्या दोरीचा पीळ डावीकडे झुकतो, बाकी सगळ्या बायकांचा उजवीकडे. शेजारणी हसायच्या, म्हणायच्या, हिची दोरी उलटी उलगडते. ही दोरी अर्ध्यापर्यंत आईची आहे. तिथून पुढे तुझी.

आईने तापात असतानाही कधी हातातलं काम अर्ध्यावर दुसऱ्याला दिलं नाही.

आणि दोरी आली त्या दिवसापासून हे संध्याकाळी मिनीबसमध्ये जाऊन बसतात, काचा वर करून. इंजिनचा आवाज ऐकतो म्हणतात. इंजिन बंद असतं.

तेव्हा मला कळलंय. पण तू मला सांगितलेलं नाहीस, यांनीही नाही, म्हणजे मी अजून ऐकलेलं नाही. मी रडले नाही. शुक्रवारी कणीक मळून तेलात तळली. गेलेल्यांना त्या तेलाचा वास पोचतो, असं आईच सांगायची. मुलांना म्हटलं, तुम्हाला खावंसं वाटत होतं ना. तिच्या नावाने मनातल्या मनात पढले.

यांना मात्र कळू देऊ नकोस की मला कळलंय. बिचारे फार कष्टाने लपवतात. परवा पातळ डाळीच्या सूपची इतकी स्तुती केली की नुरझातने कपाळाला हात लावून पाहिला.

रस्ता उघडला की माणसं घेऊन ये. दोन्हीकडून दंड धरा, मला काही ठाऊक नाही असं समजून सांगा. मी तेव्हा रडेन. या घरात साबणाची चिपही वाया जात नाही, मी हेही राखून ठेवलंय. दोरी कुराणाच्या कोनाड्यात आहे. अर्धी तुझ्या हातची आहे, तर आता तूच येऊन काप. दुसऱ्या कुणाला मी देणार नाही.

तुझ्या मायेवरच उभी आहे, ती राहू दे.
बुरुल


अत-बाशी
२८ मे २०२०

लाडक्या बुरुलला,
एजेचा सलाम.

ईद गेली, तुमची आठवण काढत गेली. तुझं पत्र मिळालं. त्यातला मधला मजकूर मी वाचला नाही असं समज. तिथे काही लिहिलेलंच नव्हतं. एवढंच म्हणते की लोकरीच्या कामात तू मला नेहमीच खाली मान घालायला लावलीस, आणि अजून ती सवय गेली नाही.

रस्ता उघडला. पण मी एकटी आले तर ते येणं नव्हे, आणि इथली म्हातारी माणसं एका गाडीत खांद्याला खांदा लावून बसायला तयार नाहीत. तूही निघू नकोस. आमच्या दारात पाऊल ठेवलंस की सगळं उघडं पडेल, आणि तुला धरायला तिथे मी एकटी. मेंढ्यांची कातरणी होऊ दे, कळप वर कुरणावर चढू दे. जुलैत माणसांचीही भीती जरा ओसरेल, तेव्हा चौघांना घेऊन नक्की येते. इतकं राखलंस, थोडं आणखी राख.

येताना मेंढ्या कातरायची कातर आणते. दोरीबरोबर बेकजातची चड्डी गेली तर मला बोल लावायचा नाही.

आहे ती ओढ तशीच ठेव.
साईरा


अत-बाशी
१७ जुलै २०२०

साडूभाऊ तश्तान यास,
ओमुर्बेकचा सलाम.

मला पत्र लिहायची सवय नाही. साईरा गेली.

गावात घरोघरी खोकला आहे. शेजारची म्हातारी वारली तेव्हा तिला आंघोळ घालायला कुणी बाई पुढे येईना. साईरा म्हणाली, माझ्या आईला घालायला चौघी आल्या होत्या, हिला कुणीच नाही असं कसं. ती स्वतः घालायला गेली. आठवड्याभरात ताप चढला. दवाखान्यात प्राणवायूची एक टाकी होती, तिच्यावर दुसरा माणूस होता. मोठ्या गावाला न्यायला गाडीत घातली. अर्ध्या वाटेवरून परत आणली.

शुद्धीत होती तोवर दोनच गोष्टी बोलली. कातरीला धार लावून ठेवा, आणि बुरुलला एकटीला सांगू नका.

तेमिर म्हणाला की तुमचे कदिर आजोबाही गेले. तिने ठरवलेल्या आमच्याकडच्या चौघांतले दोघे मातीत आहेत, एक अंथरुणात. आता सांगायचं कुणी, मला सुचत नाही. रस्त्यावर पुन्हा नाकी बसतील म्हणतात. बसली नाहीत तरी मी कुणाला बरोबर आणू? जेव्हा होईल तेव्हा दोन्ही गोष्टी एकदमच सांगाव्या लागतील. तोवर तिला म्हण, साईराचा हात दुखतो, म्हणून लिहीत नाही.

माझ्यासाठीही दुआ कर.
ओमुर्बेक


आर्चा-बेशिक
२५ जुलै २०२०

आदरणीय साईरा एजेस,
धाकट्या बुरुलचा वाकून सलाम वि. वि.

तुझा हात दुखतो असं यांनी सांगितलं. सांगताना हे भांडी घासत होते. लग्न झाल्यापासून यांनी भांडं घासलेलं मी पाहिलं नव्हतं. एकच ताट घासत राहिले. नंतर गाडीत जाऊन बसले, काचा वर करून, इतक्या उन्हाळ्यात. मी खिडकीतून सरबत दिलं. मान वर न करता घेतलं.

टोमॅटो भरपूर आले. दर वर्षी अर्धे गल्लीत जातात, यंदा कुणी दार उघडत नाही. बरण्यांत भरून ठेवतेय, खाणार कोण माहीत नाही. कदिर आजोबांच्या घराला कुलूप आहे. त्यांच्या भिंतीवरून जर्दाळू आमच्या अंगणात पडतात, ते उचलावेसे वाटत नाहीत. आईच्या गादीवर अजून कुणाला बसू दिलेलं नाही.

बेकजात आता धावतो. दारापासून फाटकापर्यंत जातो आणि तिथे पडतो. गुडघे सोलले आहेत. सासूबाई म्हणतात, दोरी कापल्याशिवाय पडणारच, कुणाकडून तरी उरकून घे. मी म्हटलं, त्याची मावशी कातर घेऊन येणार आहे. त्यांनी तोंड फिरवलं. तेव्हा त्यांनाही ठाऊक आहे.

या शुक्रवारी दुप्पट कणीक मळली. एर्मेकने विचारलं, इतकं कशाला? मी म्हटलं, भूक आहे. तळताना वास गल्लीभर गेला असेल. मी दोनदा पढले.

एजे, मला कुणी काही सांगितलेलं नाही. कुणी येऊन बसलं नाही, कुणी दंड धरले नाहीत. राखून ठेवलेलं आता इतकं झालंय की उठताना-बसताना जड होतं. रात्री उशी तोंडाशी घेते आणि परत ठेवते. आत्या बोलायची का थांबली ते मला आता समजतं. पण रीत मोडली तर मग माझ्याकडे तुम्हा दोघींचं काय उरतं?

तुला पत्र द्यायचंय असं तेमिरला सांगितलं तेव्हा त्याने खाली पाहूनच ऐकलं. म्हणाला, वहिनी, पोचवतो. कुणाकडे ते मी विचारलं नाही.

तू हाताला जप. ऊब दे, थंड पाण्यात घालू नकोस. उत्तराची घाई नाही. बरा झाला की ये, आणि माणसं मिळाली नाहीत तर एकटी ये, मी काही म्हणणार नाही. दोरी कोनाड्यात आहे. ती तुझ्याच हाताने कापायची आहे.

माझ्यावरची माया तिथेही असू दे.
तुझी
बुरुल