अठ्ठ्याहत्तर सालची फियाट

भिवंडी,
दि. ११ फेब्रुवारी १९९०

चि. सौ. विद्युल्लता हिस,
अनेक आशीर्वाद. तू, चांगदेवराव आणि चि. गोदू नाशकात खुशाल असाल. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, वाईट बातमी नाही. बातमी अशी की मी गाडी घेतली! जुनीच, पण चार दारांची मोटारगाडी. क्रीम रंगाची, अठ्ठ्याहत्तर सालची फियाट!

हसलीस ना? ज्या माणसाने जन्मात सायकलपुढे काही चालवलं नाही, तो साठाव्या वर्षी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पोरांच्या रांगेत उभा राहिला. पहिल्या परीक्षेत नापास झालो. गाडी मागे घेताना साहेबांची स्कूटर थोडक्यात वाचली. दुसऱ्या खेपेला मात्र पास.

गाडी शोधून दिली ती बाळारामने. शेलार गावचा बाळाराम, आमच्या शाळेत दहावीला दोनदा आपटला होता तो. आता वाडा रोडला त्याचं गॅरेज आहे. फंडातले तीस हजार, त्यावर एक रुपया नाही, हे मी त्याला आधीच बजावलं होतं. तो म्हणाला, "तात्या, रंगाला भुलू नका. रंग काय, चार दिसात मारून मिलतो. आधी पत्रा बघाचा."

कल्याणला एक पांढरी गाडी पाहिली. आरशासारखी चकचकीत! मी तर किल्लीलाच हात घालणार होतो. बाळारामने खिशातून लोहचुंबक काढून दाराला लावलं, ते घसरून खाली पडलं. "हितं पत्राच न्हाय, नुसती लांबी भरलीय," म्हणाला. गंजलेल्या जागी पुट्टी भरून वरून रंग मारला होता. दुसरी अंजूरला. ऐसपैस होती, पण चालू केली तर असा निळा धूर सुटला की शेजारची बाई वाळत घातलेले कपडे उचलत आमच्या नावाने ओरडायला लागली.

तिसरी अन्सारीशेठची, लूमवाल्यांची. बाळारामने मला सकाळी सातलाच नेलं, कारण गाडी थंड असतानाच तिचं खरं कळतं. पहिल्या चावीला सुरू झाली! धूर नाही, खडखड नाही, पायाखालच्या मॅट उचलल्या तर गंज नाही. मी मागच्या सीटवर सहा वेळा बसलो आणि उतरलो. उजवा हात आणि उजवा पाय लुळा सोडायचा, डाव्या हाताने दाराची कड धरायची, आधी टेकायचं, मग पाय आत ओढून घ्यायचे. प्रत्येक गाडीत मी हे करून पाहिलं होतं.

शेठ म्हणाले, "मास्टरजी, चोट लगी है क्या?"

"मुझे नहीं," मी म्हटलं.

त्यांनी दार उघडून वरचं हॅण्डल दाखवलं. "अम्मी के लिए लगवाया था. वो भी ऐसे ही बैठती थीं."

विद्यू, आता लिहितोच. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत तुझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आता थोडं बोलते, धरून चालते, पण एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. मी तुला कळवलं नाही.

आणि गोदूचं नाव मला कसं ठाऊक, हेही तुझ्या मनात आलं असेल. माझ्या मनाविरुद्ध लग्न करून गेल्यावर तू पाठवलेली सातही पत्रं मला मिळाली. टपालवाल्या अनंताला सांगून ती मी शाळेतच घेत होतो. वाचत होतो आणि खणात कुलूप लावून ठेवत होतो. आई विचारायची, तिला सांगायचो, काही आलं नाही.

आज सकाळी तिला पहिल्यांदा फिरवायला नेलं. अंबाडीपर्यंत गेलो. काच खाली करून लहान पोरीसारखी बघत होती. नाक्यावर पेरू घेतले. मी गाडी वळवायला लागलो तर म्हणाली, "अजून पुढे."

"पुढे कुठे?"

"विद्यूकडे."

मग मला राहवलं नाही. गाडी कडेला घेतली, सगळं सांगितलं आणि सोबत आणलेली पत्रं काढून एकामागून एक मोठ्याने वाचली. गोदूच्या पहिल्या दातावर ती हसली. पाचव्या पत्रात "आई, तू तरी लिही" होतं, तिथे तिने तोंड फिरवलं. मी गाडी घराकडे वळवली.

दारात आलो. मी म्हटलं, "उतर." तिने डाव्या हाताने हॅण्डल घट्ट धरलं. "आधी तिला लिही. मग उतरते."

म्हणून हे पत्र बॉनेटवर ठेवून लिहितो आहे. शेजारच्या सीताबाईंनी तिला चहा गाडीतच आणून दिला. काचेतून मला सारखी खुणावते आहे, लवकर आटप. तिला एवढ्या उत्साहात मी दोन वर्षांत पाहिलं नाही. मला तिने माफ केलेलं नाही, विद्यू. तूही करावंस म्हणून मी लिहीत नाही.

बाळाराम म्हणतो, कसाऱ्याचा घाट गाडी आरामात चढेल, तो सोबत यायला तयार आहे. तू म्हणशील त्या दिवशी निघू. मला घरात बोलावलं नाहीस तर मी बाहेर गाडीत बसून राहीन. आईला मात्र हात धरून आत ने. तिला पायरी चढताना उजव्या बाजूने आधार लागतो.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा, आणि ते येताच, न फोडता, तुझ्या आईच्या हातात देणारा,

तात्या