विहिरीवरून आण्णांचा फोन

तीर्थरूप दाजी,

बेंबळीहून रणधीरचा दंडवत. दीपमालाताईचा गुडघा आता कसा आहे? तुमचं पित्त काय म्हणतंय? आम्ही सगळे इकडं मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. सध्या फोन हातात घ्यायचीच धास्ती वाटते. (आणि जे सांगायचं आहे ते फोनला कळू नये, असंही वाटतं.)

मोबाईलच्या बाबतीत आमचं घर तुमच्या शब्दाबाहेर कधी गेलं नाही. तुम्ही पुण्यात बसून ऑनलाइन दुकानातल्या चांदण्या मोजायच्या आणि जिला जास्त चांदण्या ती वस्तू आम्ही इथं घ्यायची. तुम्ही सुचवलेलं पहिलं सिम विहिरीजवळच्या चिंचेवर चढलं तरच चालायचं, तरी आम्ही तक्रार न करता चढलो. मोटारीचा मोबाईल स्टार्टर मात्र तुम्ही झकास निवडलात. घरून फोन लावला की विहिरीवरची मोटार चालू होते आणि तसं स्टार्टरची पेटी आपणहून फोन करून आम्हाला कळवते. पेटीत कंपनीच्या बाईचा आवाज होता. आमच्या थोरल्या बंधूंना, आण्णांना, ही परकी बाई पटेना, म्हणून त्यांनी स्वतःचा आवाज भरला, "मोटार चालू झालीया. भाकरी टाका, आलोच." गावभर त्याचं हसू झालं होतं.

दिवाळीनंतर आण्णा गेले, ते तुम्ही जाणताच. मी मोटार विहिरीवर जाऊन हातानंच लावायचो, त्यामुळं पेटी गप्प होती. मागच्या महिन्यात शेतीची लाईट दिवसाची होती. भर दुपारी बांधावर बसून जेवत होतो आणि फोन वाजला. "मोटार चालू झालीया. भाकरी टाका, आलोच." घास हातातच राहिला. विहिरीकडं पाहिलं तर चिटपाखरू नाही आणि पाइपातून पाणी धो धो पडत होतं.

मग रोजच सुरू झालं. जेवणाची वेळ झाली की आण्णांचा फोन. पेटी बिघडली म्हणून सादिकच्या मोबाईल दुकानात नेली. तो म्हणाला, "पेटीला काय बी झालं न्हाय. कुणीतरी फोन लावतंय." म्हटलं, तिला चालणारे नंबर दोनच, माझा आणि आण्णांचा. सादिकनं पेटी मुकाट माझ्याकडं सरकवली आणि पैसेही घेतले नाहीत. (सादिक पैसे घेत नाही म्हणजे प्रकरण साधं नव्हे.) शेवटी अँटेनाला लिंबू-मिरची बांधली. त्यानं रेंज तेवढी सुधारली.

मग तुम्ही पाठवलेलं ॲप उघडलं. मोटार कुणी लावली ते त्यात नावानिशी दिसतं. रोज एकच नाव होतं, आण्णा. आण्णांचा फोन ते गेल्यापासून त्यांच्या कपाटात कुलपाआड आहे. सत्यभामा वहिनींना भीत भीत सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांचं शेत हाय. ध्यान ठिवणारच की." आणि जेवायला वाढलं. एक ताट जास्तीचं होतं.

इकडं कांद्यात पाणी साचून मुळं सडायला लागलीत. यंदा सगळी भिस्त त्याच कांद्यावर आहे. तेव्हा दाजी, दुसरा स्टार्टर निवडून ताबडतोब पाठवा. त्यात कंपनीच्या बाईचाच आवाज असावा आणि तो बदलायची सोय नसावी. जुनी पेटी मी विहिरीत टाकतो.

ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
रणधीर

ता. क. स्टार्टर पाठवू नका. पत्र लिहून पाणी प्यायला आत गेलो तर कपाट उघडं. वहिनी खाली बसलेल्या, आण्णांचा फोन कानाला. तेवढ्यात माझ्या खिशातला फोनही वाजला. "भाकरी टाका, आलोच." वहिनी म्हणाल्या, "व्हय, टाकते." मग मला पाहून म्हणाल्या, "भाऊजी, तेवढंच बोलतेत ओ. दुसरं काय भरूनच ठिवलं न्हाई." आण्णांच्या सिमचं रिचार्ज त्या सादिककडूनच करून घेतात. तो का गप्प बसला ते आत्ता कळलं. दाजी, मला तिथं उभं राहवेना.

ता. ता. क. मोटार न लावता नुसता आवाज ऐकवेल असं काही तुमच्या चांदण्यांत असेल तर बघा. चांदण्या कमी असल्या तरी चालेल. कांदा वाचला पाहिजे.

आणखी एक. पत्र टाकायचं राहूनच गेलं. काल वहिनी सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेल्या होत्या. कपाटाला कुलूप, किल्ली देव्हाऱ्यात. तरी दुपारी मोटार चालू झाली आणि ॲपमध्ये नाव आण्णांचंच आलं. घाबरू नका, कपाट उघडून फोन मीच लावला होता. कांद्याला पाणी नको होतं.