अनामिकाच्या दुरुस्त्या

कासारवाडी,
सोमवार

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी ज्योतीरामचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्याच्या कृपेने हल्ली साष्टांगातली सहाच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली दोन मनातल्या मनात टेकवली आहेत.)

तब्येत कशी आहे? हे पत्र वहिनी तुम्हाला वाचून दाखवत असतील, कारण तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा लावून तुम्ही ओसरीवर बसलेले असता, आणि महिनाभर फोनकडे बघायचं नाही असं लातूरच्या डॉक्टरांनी बजावलंय, हे सगळं मला कळलं आहे. कुणी सांगितलं ते विचारू नका. (वहिनी, हे वाक्य वाचताना आवाज बदलू नका.) सख्ख्या भावाला कळू द्यायचं नाही असा तुमचा हुकूम होता म्हणे. बरं, राहिलं. पण गिरणी कोण बघतंय? जात्याचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी कोण लावतंय? वहिनींची कंबर कशी आहे? इकडे मंजुळा ठणठणीत आहे. माझ्यावर ओरडताना तिला अजिबात धाप लागत नाही, त्यावरून सांगतो.

दिवाळीपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. पोस्टात जाऊन पाकीट मागितलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, पासपोर्टचं काम आहे की कोर्टाचं? मी म्हटलं, भावाचं आहे. तिनं स्वतःच्या हाताने तिकीट चिकटवून दिलं. चांगली पोरगी आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. म्हणजे ब्लॉग. त्याचं नावही तुम्हाला नको आहे हे मला माहीत आहे, पण तो सुरू कसा झाला हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. अडतीस वर्षं मी कंपनीत तपासणी खात्यात काढली. आधी भोसरीला, मग चाकणला. येणारा प्रत्येक पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, बरा असला तर ‘ओके टेस्टेड’चा स्टिकर लावायचा, नसला तर लाल पेटीत टाकायचा. रिटायर झालो तरी हाताची सवय काही जाईना. घरातली सगळी दारं किती वाकडी आहेत ते मी पहिल्या आठवड्यातच काढलं. दुसऱ्या आठवड्यात मंजुळेच्या भाकरी तपासल्या आणि चौथी जरा जाड आहे असं नम्रपणे कळवलं. तिनं लाटणं खाली ठेवलं (भाकरीला लाटणं कशाला लागतं, असं तुम्ही म्हणाल, ते पापडाचं होतं, शेजारीच पडलं होतं) आणि ताथवड्याला सूनबाईला फोन लावला की वर्षाली, ह्यांना कुठंतरी अडकव, नाहीतर मी माहेरी जाते. वर्षाली आयटीवाली. तिनं रविवारी येऊन तासाभरात माझा ब्लॉग काढून दिला. नाव मी ठेवलं, ‘ओके टेस्टेड’. लेक म्हणाला, पप्पा, आता ब्लॉग कोण वाचतं, रील करा. मी म्हटलं, ह्या तोंडाचं रील बघण्यापेक्षा लोक ब्लॉग वाचतील.

पहिला मजकूर पाच ओळींचा. चार दिवस लागले. ‘नमस्कार, मी ज्योतीराम’ एवढं लिहून मी त्याचा पहिला मसुदा, दुसरा मसुदा असे नंबर टाकले, आणि तपासणाऱ्याची सही म्हणून मंजुळेला कागदावर सही करायला लावली. (तिनं न वाचताच केली. तपासणी खात्यात ही सगळीकडची पद्धत आहे.) संध्याकाळपर्यंत आकडा दिसला: एकेचाळीस वाचक! दादा, मी पेढे आणले. खालच्या मजल्यावरच्या बबनरावांना दिले, सोसायटीच्या वॉचमनला दिले. दुसऱ्या दिवशी वर्षालीनं समजावलं की आपण आपलं पान उघडलं तरी तो आकडा वाढतो. म्हणजे एकेचाळिसातल्या एकोणचाळीस वेळा मीच होतो, एकदा ती, आणि एकदा बबनराव. बबनराव इथले जुने शेतकरी, त्यांना वाटलं मी प्लॉटची जाहिरात पाठवलीय. मला म्हणाले, “आरं जोतीराम, समदं वाचलं, पर गुंठं किती हायेत तेवढंच लिवलं न्हाईस.”

पहिली प्रतिक्रिया आली ती केसगळतीचं तेल विकणाऱ्याची. ‘सुंदर लेख सर’ अशी सुरुवात होती, मी भारावलो. त्याला दोन परिच्छेदांचं उत्तर लिहिलं, आपल्या घराण्यात टक्कल कधीपासून आहे, वडलांचं कधी पडलं, तुमचं कधी, सगळं. (हो, तेही लिहिलं. आता एकदाच काय ते रागवून घ्या.) त्याचं पुन्हा उत्तर आलं: ‘सुंदर लेख सर’. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पण दादा, खोटं कशाला सांगू, मजा येत होती. जन्मभर मी दुसऱ्यांच्या वस्तूंवर शिक्का मारला, माझं असं काही तयार केलं नव्हतं. दर गुरुवारी लिहायला लागलो. आणि लिहायला बसलं की चाकण आठवत नाही, भोसरी आठवत नाही, आपलं गावच आठवतं. आई, विहीर, ऐंशी साली घातलेली तुमची गिरणी. आणि गाव आठवलं की पहिल्यांदा तुम्हीच येता. त्याला मी काय करू?

त्यातूनच तो लेख झाला. पंच्याऐंशी साली तुम्ही मला इथं पहिल्या नोकरीला सोडायला आला होता तो. तुमची पुण्याची लोकल यायला वेळ होता, तुम्ही म्हणालात नळावर पाणी पिऊन येतो, आणि बराच वेळ आला नाहीत. मी बघायला आलो तर नळ कोरडा, आणि तुम्ही त्याच्या मागे टॉवेलात तोंड घालून रडत होता. मी मात्र धीराने घेतलं, तुमच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं दादा, काळजी करू नका, मी आता मोठा झालोय. असा तो लेख. खरेखुरे सहाशे लोक आले वाचायला. माझी छाती फुगली. चौथ्या दिवशी कुणीतरी तो आपल्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि लोक गिरणीत येऊन तुम्हाला म्हणायला लागले, दादा, जरा बाजूला सरका, पीठ भिजंल. ज्या माणसासमोर सरपंच खुर्चीवर नीट बसतो, त्याला! तुमचा फोन आला तेव्हा मी कौतुक ऐकायच्या तयारीत स्पीकर लावून बसलो होतो, मंजुळेला शेजारी बसवून. तुम्ही एवढंच म्हणालात: “ज्योत्या, मी रडलो ते तुझ्यापुरतं व्हतं. गावापुरतं न्हवतं.” आणि फोन ठेवलात. लेख त्याच संध्याकाळी काढून टाकला, पण गेटबाहेर गेलेला माल परत येत नाही हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मग महिनाभर काहीच लिहिलं नाही. मंजुळाच म्हणाली, लिहा, नाहीतर पुन्हा भाकरी मोजाल. मी आपल्या बैलावर लिहिलं. खाली दोन ओळींची प्रतिक्रिया आली, नाव ‘अनामिक’: ‘बैल ठिपक्यांचा नव्हता. वानेरा होता, अंग पांढरं, तोंड तेवढं काळं.’ नमस्कार नाही, सुंदर लेख सर नाही. पुढच्या गुरुवारी विहिरीवर लिहिलं: ‘विहीर उगवतीला नव्हती. मावळतीला.’ ह्या प्रतिक्रिया बरोबर दुपारी एकच्या पुढे यायच्या. मग एका आठवड्यात अकरा वाजता यायला लागल्या. त्याच आठवड्यात वहिनी मंजुळेला फोनवर म्हणाल्या, आता लाइट अकराला जाते बाई, गिरणी बंद, हे आपले फोन घेऊन खाटेवर पडतात. (वहिनी, माफ करा, सुटलं. आता वाचलंच आहे तर पुढे चला.)

दादा, तुम्हीच ते, हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन मंजुळेला मिठी मारली. तिला वाटलं मला पेन्शनचं काही कळलं. आणि त्या दिवसापासून मी एक पाप सुरू केलं. अडतीस वर्षं चुका पकडलेला माणूस मी, दर गुरुवारी लेखात एक चूक मुद्दाम घालायला लागलो. वडलांची सायकल हिरवी लिहिली, तुम्ही ‘काळी’ म्हणालात. आईच्या हाताला चव नव्हती असंही लिहिलं, त्यावर तुम्ही चक्क चार ओळी लिहिल्यात, शेवटी ‘मूर्ख’ हा शब्दही. चार ओळी! मी त्या कागदावर उतरवून पाकिटात ठेवल्या आहेत. बबनराव म्हणाले, “येडा हायस का? सरळ गाडीत बस आन जा की गावाला.” मी म्हटलं, आणि दार नाही उघडलं तर?

गेले तीन गुरुवार अनामिक आले नाहीत. पहिल्यांदा मी लिहिलं की आपला वानेरा, राजा, मारका होता. गप्प. मग लिहिलं की तुम्ही सातवीला नापास झाला होता. गप्प. परवाच्या गुरुवारी लिहिलं की गिरणी तुम्ही नाही, चुलत्यांनी घातली. एवढ्यावरही तुम्ही गप्प, म्हणजे तुम्ही एक तर मला कायमचं टाकलंय किंवा अंथरुणाला खिळलाय, अशी माझी खात्री झाली. मी मंजुळेला म्हटलं, आत्ताच्या आत्ता गावाला फोन लाव. मंजुळेनं वहिनींना फोन केला, दोनदा ‘खरं सांगा’ म्हणाली, आणि दुसऱ्या वेळेला वहिनी रडल्या, मग ऑपरेशनचं सगळं सांगितलं.

असो. डोळ्याला जपा. पाणी लागू देऊ नका. लहानांस आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (ह्या विषयापुरता तरी),
ज्योतीराम

ता. क. ब्लॉग बंद करा म्हणालात तर आजच बंद करतो. फक्त अनामिक यांची तशी लेखी प्रतिक्रिया यावी.

ता. क. २. वहिनी, येत्या गुरुवारी मी सकाळच्या गाडीने निघतोय. हे त्यांना वाचून दाखवू नका. दार तेवढं लोटून ठेवा, कडी घालू नका.

ता. क. ३. दादा, ह्या पत्रात मी तीन चुका ठेवल्या आहेत. दोन तू काढ, डोळ्याला त्रास नको, तोंडी सांगितल्यास तरी चालतील. तिसरी मीच सांगतो. त्या दिवशी स्टेशनात मी धीराने वगैरे काही घेतलं नव्हतं. एकोणीस वर्षांचा घोडा मी, तुझ्या कमरेला मिठी मारून ‘दादा, मला परत ने’ म्हणून भोकाड पसरलं होतं, स्टेशनमास्तर बाहेर आला होता, तुझ्या सदऱ्याची बाही उसवली आणि तुझी एक लोकल गेली. मला गप्प करून मगच तू नळामागे गेलास. गिरणीत लोक तुला हसत होते तेव्हा हे एक वाक्य बोलला असतास तर सगळे मला हसले असते. तू बैलाचा रंग दुरुस्त केलास, विहिरीची दिशा दुरुस्त केलीस, सायकल दुरुस्त केलीस. हे तेवढं तसंच राहू दिलंस.

(वहिनी, आता चष्म्याखाली हात घालू देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलंय.)